चहाला कोण जाणार?

काहीही न करता काम तडीस नेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच गटात निघाला. लातूरच्या कॉलेजात आम्ही मार्केटिंग शिकत होतो तेव्हाची गोष्ट. गडी जळकोटचा. भूकंपानंतर काही वर्षं पुनर्वसनाच्या कामावर घालवून उशिरा कॉलेजात आलेला, त्यामुळे वयाने मोठा आणि मिशाही भरघोस. साहजिकच सगळे त्यांना मामा म्हणत. "औंदा नापास झालो तर घरचे शेतावर बसवतील, मग कॉलेज न्हाई," हे ते इतक्या मजेत सांगायचे की धास्ती ऐकणाऱ्यालाच वाटायची.

मामांचा मुख्य गुण म्हणजे बसणं. खुर्चीवरसुद्धा मांडी घालून बसायचे. समोर दोघं हमरीतुमरीवर आले की शांतपणे विचारायचे, "जेवलास का?" भांडणाऱ्याला एकदम आठवायचं की आपण जेवलेलो नाही, आणि निम्मं भांडण तिथंच बसायचं. मी एकदा चिडून "हो, जेवलो" म्हणालो, तर म्हणाले, "मग भाजी कशाची होती?"

त्या वर्षी सरांनी प्रकल्प दिला. कोचिंगसाठी नांदेडकडून, माहूरकडून लातुरात येऊन राहिलेल्या पोरांसाठी जेवणाचा नवा डबा काढायचा आणि तो कसा विकायचा ते दाखवायचं. पुस्तकात गटातल्या भूमिका छापलेल्या होत्या. त्यात एक 'नेता' होता, म्हणून मी, साजिद आणि नायगावची कल्पना असे तिघंही नेताच व्हायला निघालो. मामा म्हणाले, "भूकंपाच्या टायमाला छावणीत असंच झालं बघा. वाढायला समदे हजर, भांडी घासायला कुणी न्हाई. आधी चहा आणा, मग बघू."

मग त्यांनी आम्हाला पाळीपाळीने चहाला धाडलं. साजिदच्या घरचं कापडाचं दुकान, बोलण्यात पटाईत. तो अर्ध्या तासाने चहा विसरून आला, पण चहावाल्याच्या मेव्हण्याची सोयरीक कशी मोडली ते सगळं ऐकून आला. कल्पनाने कुणालाही न विचारता ज्याला जसा लागतो तसा चहा आणला. मी चहा परत पाठवला, कारण कपाचा टवका उडालेला होता. मामांनी लगेच वाटणी केली. साजिदने पोरांना भेटायचं, कल्पनाने सगळं जुळवायचं. "आन् तू लई खोट काढतोस. तू शेवटाला बस. खोट काढणारा आधी बसवला की काम मरतं, शेवटी बसवला की वाचतं." मला राग आला, कारण ते खरं होतं. डब्यातलं वरण सायकलवर सांडतं, हे अखेरीस मीच शोधलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. त्यांनी प्रत्येकाला त्याचा वाटा विचारला. मामा म्हणाले, "म्या काय बी केलं न्हाई सर. बसून होतो." मी मनात म्हटलं, अरे बाबा, निदान आज तरी काहीतरी सांग! सरांनी त्यांना बाहेर पाठवलं. म्हणजे गेलंच वर्ष. मग आमच्याकडे वळून सहज म्हणाले, "समजा, डब्याचा दर आत्ताच्या आत्ता बदलायचाय. काय कराल?" साजिद म्हणाला, उतरवू. कल्पना म्हणाली, परवडणार नाही. मी दोघांनाही मूर्खात काढलं. दर राहिला बाजूला, आम्ही तिघं परीक्षकांसमोरच एकमेकांवर ओरडू लागलो.

सर उठले, स्वतः दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "अहो मामा, तुम्ही आत या बरं."

मामा आले, खुर्चीवर मांडी घालून बसले. बोलले काहीच नाहीत. आम्ही आपोआप एकेक करून बोलू लागलो, आणि दराचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला.

मामा पास झाले, अगदी काठावर. मला त्यांच्यापेक्षा जास्त मार्क पडले. ते जळकोटला पेढे वाटून मोकळे झाले. मी जन्मभर लोकांच्या चुका काढत आलो. पण त्या निकालाएवढी मोठी चूक मला पुन्हा कुठेच सापडली नाही.