जात्याची वरची तळी

उमरग्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत जाड दोर आणि गोणपाट होतं. छत्रपती संभाजीनगरला लोक लेणी बघायला जातात. मी दादाकडून एक दगड आणायला निघालो होतो.

आमच्या भागातल्या भूकंपात आई गेली. ढिगाऱ्यातून तिचं जातं तेवढं साबूत निघालं. पुढे आम्ही दोघे भाऊ वेगळे झालो तेव्हा जात्यावरून कुणीच मागे हटेना, म्हणून पंचांनी दोघांना एकेक तळी (जात्याचा गोल दगड) वाटून दिली. आता यावर कुणालाच दळता येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. दादा थोरला, त्यानं वरची उचलली. खुंटा वरच्या तळीला असतो. आईच्या हातानं गुळगुळीत झालेला तो लाकडी खुंटा शहरात गेला आणि खालचा मुका दगड माझ्या अंगणात राहिला. हातगाडीवर बादल्या विकत मी दुकान उभं केलं, घर बांधलं. हे एक मात्र मला गिळता आलं नाही.

गेवराईजवळ टायर बसलं. कंडक्टरशी भांडून घेतलं, घसा कोरडा केला. संभाजीनगरात उतरलो तेव्हा ऊन कलू लागलं होतं. स्टँडजवळच्या खानावळीत नान खलिया (मटणाचा झणझणीत रस्सा आणि मोठी, मऊ नान) खाल्लं. चव चांगली असावी. माझं लक्ष नव्हतं. वहिनीनं फोनवर सांगितलं होतं, दादा मुकुंदवाडीच्या शाळेत आहे. रिक्षावाल्याला भावाकडं जायचंय म्हटलं आणि भाड्यावरून घासाघीस केली.

"भाई से मिलने जारे चाचा, की वसूली कू?" तो आरशातून बघत म्हणाला.

मी दोराची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर दादा शाळाशाळांतून मुलांना भूकंप शिकवतो, एवढं ऐकून होतो. वर्गाच्या दारात थबकलो. टेबलावर लोखंडी अँगलची चौकट होती आणि तिच्यात दोरांवर टांगलेली आईची तळी. दळायचे दाणे घालायच्या तोंडातून स्केचपेन खाली काढलं होतं. त्याखालून एक मुलगी कागदाची पट्टी हळूहळू ओढत होती. माझं डोकं सणकलं.

"हलवा टेबल," दादा म्हणाला. मुलांनी टेबल गदागदा हलवलं. कागदावर वेड्यावाकड्या रेघा उमटल्या.

"काय हललं?"

"दगड."

"नीट बघा. दगड जड हाय, जागचा हलत नाय. हलतीय ती जमीन."

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. केस पार पिकले होते त्याचे.

"बाळू," तो म्हणाला, "लई वाळलास की रं."

"आईच्या जात्याचं खेळणं केलंस व्हय?"

दादानं तळीवरून हात फिरवला. "आईला नेलेल्या जमिनीवर ठेववत नाय मला. टांगलं तवा झोप लागाया लागली." मग म्हणाला, "धर की खुंटा. त्याच्यासाठीच आलास ना?"

मी खुंटा धरला. गुळगुळीतच होता. नकळत ओढला, तळी डुलली आणि कागदावर भलीमोठी रेघ उमटली.

"सर, भूकंप," पट्टीवाली मुलगी ओरडली. पोरं हसली.

"भूकंप नाय त्यो," दादा म्हणाला. "माणसाचा हात लागलाय."

मुलं घरी गेल्यावर मी पिशवीतला दोर काढला. "न्यायला आलो होतो."

"ने की. सोडू का?" त्यानं गाठीला हातही घातला.

आयुष्यभर मी समोरच्याचा नकार मोडून सौदे केले. इथं नकारच नव्हता, मग बोलायचं काय? "राहू दे," मी म्हणालो. "दिवाळीला घेऊन ये गावाकडं. एकदा दोन्ही तळ्या लावू. पायलीभर जोंधळं दळू."

दादानं गाठीवरचा हात काढून घेतला. वाटणीची तळी घेऊन गेल्यापासून त्यानं गावात पाऊल टाकलं नव्हतं.

"बघू," तो म्हणाला.

दोर तसाच पिशवीत घेऊन परत आलो. "बघू" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी आल्या आल्या अंगणातली खालची तळी घासून धुतली आणि उन्हात वाळत ठेवली.