हात दे, वजन पन दे

नाखवा मॅडम माणसाला झोपवण्याआधी त्याचा हात मागायच्या. मनगटाखाली आपला तळवा धरून म्हणायच्या, “हात दे. वजन पन दे.” हात सगळेच देत, वजन कोणी देत नसे. मॅडमनी तळवा हळूच काढून घेतला तरी हात तसाच अधांतरी राही. त्या हसायच्या आणि शिरेत सुई घालायच्या. थोड्या वेळात तोच हात ओल्या टॉवेलसारखा त्यांच्या तळव्यात पडायचा.

पनवेलच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये त्या भूल द्यायच्या. उरणकडच्या कोळ्यांची लेक. मुंबईत शिकल्या, पण पेशंटशी बोली घरचीच. मी तिथे नवी नर्स. कांजी केलेली टोपी डोक्यावर चढवली की अर्धं वैद्यकशास्त्र मला आलेलंच असायचं. उरलेलं अर्धं मी तोंडाने भरून काढायची.

एकदा हिराजी नावाच्या कोळ्याला त्याचे भाऊ घेऊन आले. होडी ओढताना उजवा खांदा निखळला होता. हाडांच्या डॉक्टरांनी आणि वॉर्डबॉयने ओढून पाहिलं. गडी दांडगा, खांदा त्याहून दांडगा. मग झोपेचं औषध द्यायचं ठरलं. मॅडम येईपर्यंत मी भावांना ऐटीत सांगितलं की आता खांद्यात इंजेक्शन देतील, खांदा सैल पडेल. एवढ्यावर थांबले असते तर कसली मी! स्पिरिटने तो खांदा घासून लखलखीत करून ठेवला.

मॅडमनी पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “याला आंघोल कोनी घातली?”

सगळे माझ्या टोपीकडे बघू लागले.

मॅडम औषध भरता भरता म्हणाल्या, “खांदा बिचारा हुकमाचा ताबेदार. दुखलं की वरून हुकूम येतो, आवलून धर. तो धरतो. त्याला टोचून काय उपेग? हुकूम देनाऱ्याला जरा डुलकी लागू दे.”

हुकूम देणारा म्हणजे मेंदू, आणि पाठीच्या कण्यातून खाली चालणारा त्याचा कारभार. परीक्षेत मी हे सगळं लिहून मार्क मिळवले होते. डोळ्यांनी मात्र त्या दिवशी पाहिलं. सुई डाव्या हाताला टोचली आणि उजवा खांदा, ज्याने दोन माणसांना दाद दिली नव्हती, तो आपणहून सैलावला. काखेतून घेतलेली चादर वॉर्डबॉयने एका बाजूला ताणली, डॉक्टरांनी दुसरीकडून हात बेताने ओढला, आणि टक्‌ असा आवाज होऊन हाड जागेवर बसलं. मी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या.

माझं काम श्वास मोजायचं होतं. अकरापर्यंत मोजले होते, बारावा खांदा बघण्यात गेला. तेरावा आलाच नव्हता.

खोलीत फक्त मॅडम खांद्याकडे बघत नव्हत्या. त्यांची बोटं कधीच हिराजीच्या जबड्याखाली गेली होती. जबडा पुढे उचलून त्यांनी मागे पडलेली जीभ सोडवली, तोंडावर मास्क धरला आणि हवेची पिशवी दाबली. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहाव्याला छाती आपली आपण वर आली. भाऊ तोवर हाडांच्या डॉक्टरांच्या पाया पडत होते. त्यांना काही कळलंच नाही.

जागा झाल्यावर हिराजीने विचारलं, “खांदा कवा बसवनार?”

मॅडम मला रागावल्या नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाल्या, “सगले खांदा बगतात, पोरी. आपून छाती बगायची. डुलकी लागली ना, की हुकूम देनारा कवा कवा श्वासाचा हुकूम पन इसरतो.”

त्यानंतर टोपी तीच राहिली, डोकं जरा बदललं.

गेल्या वर्षी मॅडम जासईला भाच्याच्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. मी भेटायला गेले की विचारायच्या, “टोपी कुठं टाकलीस?” शेवटच्या दुपारी बाहेर कंटेनरचे ट्रेलर धडधडत होते आणि घरची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघून हाका मारत होती. मी छातीकडे बघत होते. श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. या वेळी माझा एकही श्वास चुकला नाही.

मी त्यांच्या मनगटाखाली तळवा धरला. त्यांनी हात दिला. वजनही दिलं.