बाईंचा बॉम्ब भट्टीत जाईना

"हा भट्टीत जाणार नाही," मी म्हणालो आणि टेम्पोवरच्या बॉम्बवर हात ठेवला.

टेम्पोभोवती जमलेली सगळी माणसं माझ्याकडं बघू लागली. त्यांत हसनाबादच्या शाळेतल्या मुली होत्या, जालन्यातले काही निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर, एक वकील आणि सगळ्यांत पुढं शिंदे बाई. बाईंच्या हातात माईक होता. तो त्यांनी हळूच खाली केला.

बॉम्ब नकली होता, हे मलाही दिसत होतं. दोन जुने बॅरल एकमेकांना जोडून, पुढं पत्र्याचं नाक आणि मागं पंख लावून, वर हिरवा रंग मारलेला. हसनाबादच्या गणेश वेल्डरनं तो मोठ्या हौसेनं बनवला होता.

शिंदे बाई हसनाबादला विज्ञान शिकवायच्या. रिटायर झाल्यावर जालन्यात आल्या आणि अणुबॉम्बच्या मागं लागल्या. जगातल्या सगळ्या देशांनी, आपल्याही देशानं, अण्वस्त्रबंदीच्या करारावर सही करावी, अशी त्यांच्या गटाची मागणी. दर हिरोशिमा दिनाला चौकात मेणबत्त्या लावायच्या. येणारी माणसं तीच दहा-बारा, आणि त्यातल्या दोघा-तिघांना बाईंनीच रिक्षात घालून आणलेलं. यंदा त्यांनी नवीन बेत काढला. मुलींच्या देखत बॉम्ब वितळवायचा आणि त्याच्या लोखंडाची घराला लागणारी सळई करायची. आमचे शेठ लहानपणी बाईंच्या वर्गात होते. त्यांना नाही म्हणायची शेठची आजही हिंमत नाही.

ती वेळ माझ्यावर आली. एमआयडीसीतल्या शेठच्या कारखान्यात मी मेल्टिंग शॉपचा इनचार्ज होतो. मेल्टिंग शॉप म्हणजे जिथं भंगार वितळवून लोखंडाचा रस करतात ती जागा. तिथं बाकी नियम पुष्कळ असले तरी पहिला नियम एकच. बंद वस्तू भट्टीत टाकायची नाही. सिलिंडर नाही, शॉकअब्सॉर्बर नाही, दोन्हीकडून चेपलेला पाइपसुद्धा नाही. आत कोंडलेली हवा तापते, पाणी असेल तर त्याची वाफ होऊन हजारपटीहून जास्त फुगते, आणि मग भट्टीतला रस उसळून माणसांच्या अंगावर येतो.

शेठनी मला बाजूला घेतलं.

"काळे, लोक जमलेत. फोटोवाला आलाय. एक डबाच तर आहे. आपण रोज एवढं भंगार टाकतो."

"टाकतो ते उघडून टाकतो, शेठ."

"बाईंना काय सांगू?"

"मी सांगतो. भट्टी उसळली तर पहिली पोरं माझी, भट्टीवरची, जाणार आहेत."

शेठनी मुलींच्या रांगेकडं एकदा बघितलं आणि खिशातला मोबाइल उगाचच काढून परत ठेवला.

मी बाईंना सांगितलं. गणेशच मध्ये बोलला. "साहेब, वेल्डिंग मी केलंय. आत एक थेंब जायचा न्हाई. बिलकुल सील."

"तोच तर वांधा आहे, गणेशराव."

"काळे भाऊ," बाई म्हणाल्या, "अख्खा बॉम्ब आगीत जाताना दिसला पाहिजे हो. तुकडे करून टाकला तर भंगारच झालं ते. इतकी वर्षं दहा माणसांपुढं बोलून राह्यले मी. आज पहिल्यांदा एवढी आलीत. ही परत गेली तर पुढच्या वर्षी कोण येणार?"

मला वाईट वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी कुठंतरी लग्नाला गेलेलो असतो तर बरं झालं असतं.

"परत कशाला जातील?" मी म्हणालो. "इथंच उघडू. वेळ लागेल, पण सगळ्यांच्या समोर उघडू."

आमचा गॅस कटर चालवणारा रफिक तोवर कटर पेटवून तयार होता. मी गणेशला विचारलं, "बॅरल कशाचे होते?"

"थिनरचे. धुतले व्हते बराबर."

रफिकनं माझ्या सांगण्याची वाट न बघता कटर विझवला. "साब, पानी भरे बगैर इसकू मैं हात नै लगाता."

थिनरचा वास जरी आत उरला असला तरी स्फोटाला कटरची एक ठिणगी पुरते. म्हणजे बॉम्ब भट्टीतही जाईना आणि कापताही येईना. शेठनी कपाळावर हात मारला. मुली मात्र खुशीत होत्या. टेम्पोजवळ जायला बघत होत्या, त्यांना लांब, कठड्यामागं उभं केलं.

बाईंनी माईक माझ्या हातात दिला. "मंग जे करून राह्यले, ते मुलींना सांगत करा."

मी भट्टीजवळ ओरडून बोलणारा माणूस. माईकवर पहिलं वाक्य असं बोललो की मुलींनी कानांवर हात ठेवले. मग जमलं. पाणी भरायला भोक हवं म्हणून हवेवर चालणारं ड्रिल लावलं, टोकावर पाणी सोडत राहिलो. ठिणगी पडू नये म्हणून पाणी, एवढंच सांगितलं. शिफ्ट बदलायची वेळ झाली होती. सुटलेले कामगार घरी जायचं सोडून कठड्याशी येऊन थांबले.

ड्रिल आत गेलं आणि भोकातून तांबूस पाण्याची धार लागली.

रफिकनं खाली बादली सरकवली. ती भरली. धार चालूच. बॉम्ब सगळा आषाढ शाळेच्या अंगणात पावसात उभा होता. वेल्डिंगमध्ये कुठंतरी सुईएवढी फट राहिली असणार. चांगल्या हाताच्या वेल्डिंगमध्येही राहते. गणेश खाली बसून बादलीत बघत राहिला.

"आणि हे तसंच भट्टीत गेलं असतं तर?" एका मुलीनं विचारलं.

"तर आपण कुणीच आत्ता इथं उभे नसतो," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडून माईक घेतला. भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. "मुलींनो, हा आपण खेळण्यातला केला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या पोटात काय आहे, ते करणाऱ्यालाही माहीत नव्हतं आन् आणणाऱ्यालाही. खरे जिथं ठेवलेत, तिथले लोकही आपल्याला हेच सांगतात, की सगळं बराबर आहे, काळजी करू नका. आपण म्हणतो, उघडा आणि दाखवा. मंग मोडा." एवढं बोलून त्या थांबल्या. तेवढंच पुरे होतं.

खालचं भोक बुजवून, वर दुसरं पाडून आम्ही आत काठोकाठ पाणी भरलं, म्हणजे उरलासुरला वास बाहेर जातो. मग रफिकनं कापला. तुकडे बर्नरपुढं ठेवून खडखडीत वाळवले. क्रेननं एकेक तुकडा उचलून भट्टीत सोडला. शेवटी पंख गेले. बघण्यासारखं फारसं काही नसतं, लाल रसात पत्रा मऊ होतो आणि बुडतो. तरी मुली ओरडल्या, कामगारांनी शिट्ट्या मारल्या. बाई डोळे पुसत होत्या आणि विचारल्यावर म्हणाल्या, धूर गेला. धूर त्या बाजूला नव्हता.

नंतर चहा झाला. बाईंच्या मागणीपत्राभोवती आमच्याच माणसांची गर्दी झाली. गणेशनं पहिली सही केली. गंमत म्हणजे शेठही रांगेत उभे राहिले.

माझी पाळी आली तेव्हा मी पेन धरून थांबलो. "बाई, राग मानू नका. पण जालन्यातल्या सह्यांनी कुठलं सरकार बॉम्ब मोडणार हो?"

"काळे भाऊ," बाई म्हणाल्या, "शेठ तयार होते, मी तयार होते, क्रेनवाला तयार होता. तुम्ही एकटे न्हाई म्हणले."

मी सही केली. बाईंच्या कार्यक्रमाला आता मेणबत्त्या कमी पडतात, आणि मी रिक्षा न पाठवताही जातो. इतक्या वर्षांच्या नोकरीतून मला एवढंच कळलं, की नाही म्हणायचं असेल तर ते वस्तू टेम्पोवर असतानाच म्हणायचं.