एकशे बारानंतर एकशे चाळीस

जळगावातल्या एका फळविक्री सोसायटीत मी हंगामी कामाला होते. नव्वदीची सुरुवात असेल. देवपुरातल्या क्लासमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेतलेला, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. सेक्रेटरींनी सांगितलं होतं, केळी कापणीच्या पाळ्यांचा जुना प्रोग्रॅम काढून दिवाळीपर्यंत नवा बसवा, तुम्हाला कायम करून घेतो. तीन ठिकाणी हंगामी राबून मी विटले होते. मला ती नोकरी हवीच होती.

जुना प्रोग्रॅम नानांनी लिहिलेला. नाना मूळचे टायपिस्ट. पन्नाशीत एकाच पुस्तकावरून बेसिक शिकले आणि सोसायटीचं पहिलं मशीन आलं तेव्हा त्यांनी तो केला. कोणाची केळी कोणत्या दिवशी कापायची, ट्रक कोणत्या गावाला लावायचा, याची यादी तो रोज काढायचा. वर्षानुवर्षं एक दिवस चुकला नव्हता. पण आतून म्हणजे नुसती गोधडी! दर चार ओळींनंतर एखाद्या सभासदाचा नंबर आणि त्याच्यासाठी वेगळा नियम. कारण कुठेच लिहिलेलं नाही.

मला सरळ वशिल्याचा वास आला. एक नियम तर कळसच होता. एकशे बारा नंबरची केळी कापल्याशिवाय एकशे चाळीसला पाळी द्यायची नाही, आणि द्यायची ती बरोबर दुसऱ्या दिवशी. मी लाल पेनने खूण केली, आणि पुरावाच आणावा म्हणून चोपड्याची एसटी पकडून त्या गावी गेले.

एकशे चाळीसच्या ओट्यावर एक अक्का वाती वळत बसल्या होत्या. बाजूचं शेत कोणाचं, असं मी विचारलं.

"दीरनं शे," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाऊ बोलतस नई. बारा वरीस व्हयनात."

त्यांच्या शेताला वेगळी वाट नव्हती. दिराच्या केळीतूनच जावं लागायचं. दिराची कापणी असली की गाड्यांसाठी त्याचा रस्त्याकडचा बांध फोडला जायचा, आणि तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा.

"आमनी पाळी दुसरे दिन येस. मंग आमन्या गाड्या जातस. कोन्ही कोनले इचारत नई." त्यांनी पुढची वात हातात घेतली. "दरसाल बराबर जमस, माय. देवनी दया."

ती देवाची दया कुठे राहते ते मला ठाऊक होतं. जळगावच्या ऑफिसात, एका पिवळट मशीनमध्ये, मी लाल खूण केलेल्या ओळीत. परतीच्या एसटीत मी बाकीच्या ओळी आठवत राहिले. तशा साठ-सत्तर तरी होत्या. प्रत्येकीच्या मागे कुठला बांध, कुठला नाला, कोणाचं भांडण असेल? एवढा मोठा मुलूख एका माणसाने गुपचूप सांभाळला होता आणि मी त्याच्या कामाला गोधडी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी नानांसमोर जाऊन बसले. त्या दोन भावांचं ऐकून आल्याचं सांगितलं, आणि नियमापुढे कारण लिहून का ठेवलं नाहीत, असं विचारलं.

नानांनी चष्मा पुसला. "या प्रोग्रॅमचा कागद छापला जातो, बेटा. संचालक मंडळापुढे जातो. मंडळात त्याच गावची माणसं. त्या भावांना कळलं असतं, तर पुढच्या कापणीला एकशे बाराने बांध लगेच बुजवला असता आणि एकशे चाळीसनेही तिथून गाड्या नेल्या नसत्या."

"मग तुमच्यानंतर?"

"तू जाऊन बघून आलीस ना," नाना म्हणाले, आणि टपाल उघडायला लागले.

माझा नवा प्रोग्रॅम जवळजवळ तयार होता. रंगीत मेनू, स्वच्छ यादी, सगळ्यांना एकच नियम. तो बसवला असता तर मी त्याच दिवाळीत कायम झाले असते. दोन दिवस त्याची फ्लॉपी माझ्या पिशवीतच राहिली. मग मी अहवाल लिहिला, एकाच वाक्याचा: जुना प्रोग्रॅम चालू ठेवावा, त्यातली एकही ओळ काढू नये.

सेक्रेटरींनी कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं. "कारण काय, ताई? मंडळापुढे ठेवायचंय मला हे."

बाजूच्या टेबलावर नाना मान खाली घालून टपालाची नोंद करत होते.

"नवा मला जमला नाही, साहेब," मी म्हटलं.