पदराआडचं पोट

बायकांच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, डेटॉलच्या वासासारखे ते साडीला चिकटून घरी येतात. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात सिस्टर होते. अजून कुठल्याही लग्नात कोणीतरी म्हणतंच, "सिस्टर, सांगा की एखादा!" मी हसवणारे सांगते. अक्काताईचे मात्र अर्ध्यावर सोडून देते. आज पुरे सांगते.

*

अक्काताई कुरुंदवाडची, पन्नाशीला टेकलेली. पोट फुगत चाललेलं, दोन घास खाल्ले की भरायचं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

तिचा नवरा दत्तोबा ठसक्यात म्हणाला, "ग्यासवर समदं इलाज केलं की! ववा दिला, हिंग लावला, सोडा पाजला. फकस्त डाक्टर ऱ्हायलावता!"

अख्खा वॉर्ड हसला. डॉक्टरबाईंचा हात तिच्या पोटावर होता, त्या हसल्या नाहीत.

*

उशिराचं खरं कारण मला तिची वेणी घालताना तिच्याच तोंडून कळलं. पोट फुगायला लागलं तेव्हा तिची सून पोटुशी होती. नदीच्या घाटावर धुणं धुताना शेजारची शेवंता ओरडली, "अगं बया! सासू-सून एकदमच व्हय?"

घाट खिदळला. त्या दिवसापासून अक्काताईनं घाट सोडला, पदर पुढं ओढला आणि तीन-चार महिने घरातच काढले. शेवंतानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं हो! पण त्या महिन्यांची हळहळ मला आजही वाटते.

*

पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरबाईंनी सुई घालून ते काढलं, पोट सपाट झालं. दुसऱ्या दिवशी दत्तोबा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर!

"पाणी गेलं, दुखणं गेलं! घ्या, लाजू नगासा!"

सगळ्यांनी खाल्ले. डॉक्टरबाईंनी पेढा हातात धरला आणि तसाच टेबलावर ठेवला. आठवड्यात पोट पुन्हा भरलं.

*

सोनोग्राफी तेव्हा आमच्याकडे नव्हती. पोट उघडल्याशिवाय नक्की कळायचं नाही. उघडलं.

बाहेर येऊन डॉक्टरबाई दत्तोबाला म्हणाल्या, "अंडाशयाचा कॅन्सर आहे. पोटभर पसरलाय. निघाला तेवढा काढला. आता इंजेक्शनं देऊ, त्यानं काही महिने मिळतील, फार तर वर्ष. लवकर आणली असती तर बरी व्हायची आशा होती."

दत्तोबानं त्यांचे पाय धरले. "तिला सांगू नगासा. धसक्यानंच जाईल."

तेव्हा तशीच रीत होती. रोग बाईचा, पण कळायचा पुरुषाला! डॉक्टरबाईंपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत आम्ही सगळ्या तिला एकच सांगू लागलो, "अल्सर आहे."

*

इंजेक्शनं सुरू झाली आणि केस गळायला लागले. एकदा अक्काताईनं फणीतला गुंता माझ्यापुढं धरला.

"सिस्टर, अल्सर पोटात, आन् केस का जात्यात?"

"औषध गरम असतं ना!"

"लई गरम दिसतंय!" ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. मी शेजारच्या बाईचा ताप बघायला वळले.

*

शेवटचा किस्सा इंजेक्शनच्या दिवसाचा. ओपीडीच्या बाकावर अक्काताई बसली होती, हाडं वर आलेली, डोक्याला फडकं. सुनेला मुलगी झाली होती, ती तिच्या मांडीवर. तेवढ्यात गावाकडून शेवंता खण-नारळ घेऊन भेटायला आली. पदर पुढं ओढलेला.

अक्काताई बघतच राहिली. "शेवंते, पदर सोड."

"का गं?"

"पोट कवापासनं फुगलंय?"

"ग्यास हाय गं. हळू बोल की, मानसं बघत्यात!"

अक्काताईनं नात माझ्याकडं दिली. भिंतीला धरून उठली, शेवंताचं मनगट पकडलं आणि अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "डाक्टरबाई! हिला आदी बघा! मला कॅन्सर झालाय, कॅन्सर! लाजून घरात बसले म्हून पसरला! हिचं तसं व्हाया नगं!"

डॉक्टरबाई स्वतः दारात आल्या आणि शेवंताला आत घेऊन गेल्या. दत्तोबा चहा आणायला गेला होता, तो कपबशी घेऊन मध्येच उभा राहिला.

अक्काताई सावकाश खाली बसली.

"अवं, च्या सांडायलाय. द्या की हिकडं."