शेंगदाण्यातल्या नूडल्स

वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. इचलकरंजीच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये ते जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. सकाळच्या पाळीला डबा घेऊन गेले आणि मागाशेजारीच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत जीव राहिला नव्हता.

कळंब्याच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि मी, दोघीच उरलो. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, कुणी ना कुणी तिला चार घास भरवत होतं. पाहुणे पांगले आणि आईचं जेवण सुटलं. तिनं काही ठरवलं नव्हतं. ताट पुढ्यात घेऊन बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, आमटीत बुडवायची आणि तसाच ठेवून द्यायची.

"न्हाय जात गं घशाखाली."

मी पिठलं केलं, मुगाची खिचडी केली, मऊ भातावर दूध घातलं. एकदा तर ओरडलेच, "तू पण जाणार हायस का मला टाकून?" तिनं माझ्याकडं पाहिलं, पण ऐकलं असं वाटलं नाही. मग न्हाणीत तोल जाऊन ती पडली. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोटात अन्न जायला पाहिजे. बाटलीवर माणूस किती दिवस काढणार?" येताना रिक्षात मी तिचा हात धरला होता. बांगड्या नसलेलं ते मनगट माझ्या मुठीत मावून वर जागा उरत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आमटी टाकली. कांदा-लसूण मसाल्याचा वास सुटला तशी आई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, "ह्यास्नी लई आवडायची."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरातलं एकूण एक जेवण वडिलांच्या जिभेनं ठरलेलं होतं. तिखट किती, भाकरी किती जाड, भातावर तूप कधी. आता प्रत्येक घासाला ते तिच्यासमोर येऊन बसत होते. त्यांनी कधी तोंडात घातलं नाही असं काहीतरी मला करायला हवं होतं. आणि असं आमच्या स्वयंपाकघरात होतं काय?

फळीवर नूडल्सचं एक पाकीट होतं, माझ्यासाठी आणलेलं. भाजी नव्हती, बाजारात दोघींपैकी कुणी गेलंच नव्हतं. डब्यात भाजलेले शेंगदाणे होते. वीज गेलेली, त्या वर्षांत दुपारची जायचीच, त्यामुळे मिक्सर बंद. मी शेंगदाणे खलबत्त्यात घातले आणि तेल सुटेपर्यंत कुटत राहिले. हात थांबला असता तर मला रडू आवरलं नसतं. त्यात लसणाच्या पाकळ्या आणि गुळाचा खडा ठेचला, मीठ घातलं, लिंबू पिळलं, नूडल्स उकडल्याचं गरम पाणी घालून सरसरीत केलं. आमचा मसाला मुद्दामच घातला नाही. नूडल्स त्यात कालवल्या आणि वाटी आईपुढं ठेवली. दिसायला सगळं मातकट, गिचका झाल्यासारखं.

"ह्ये काय हाय?"

"नूडल्स. शेंगदाण्याचं वाटण लावलंय."

"शेवयाच की." तिनं बोटांनी उचलून तोंडात घातल्या. मी बघत नाही असं दाखवत ओट्याला धरून उभी होते. तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. "तिखट घातलं न्हाईस?" तिनं विचारलं. खरं कारण सांगायचा मला धीर झाला नाही. वाटी अर्धी झाली आणि ती त्या वाटीवर वाकून हमसून हमसून रडायला लागली. स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रडत रडतच तिनं उरलेलं खाल्लं.

पुढं कितीतरी दिवस ती तेवढंच खायची. आत्या भेटायला आल्या आणि वाटीत डोकावून भडकल्या. "आईला भाकरी करून घालता येईना व्हय तुला? गांडुळासारखं कायतरी उकडून घालतीस!"

भिंतीला टेकून बसलेली आई एकदम सरळ झाली. "वन्सं, तिला बोलू नगा. मीच सांगितलंय तिला."

तिनं मला असं काहीच सांगितलं नव्हतं. पण तिचा तो खणखणीत आवाज ऐकून मला आत जाऊन तोंडावर ओढणी दाबून धरावी लागली.

हळूहळू ती भातावर आली, मग भाकरीवर. आमटी मात्र तिनं स्वतःच्या हातानं परत कधी केली नाही. जगली ती. पण आजही तिच्या ताटात काही उरलं की "पोट भरलं गं बाई," असं तिनं दोनदा म्हटल्याशिवाय मी ते ताट उचलत नाही.