डिचोलीच्या रस्त्यावरचा पांढरा शर्ट

गोवा घटक राज्य झाले त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, लग्नसराईतल्या एका दुपारी पावणेतीनच्या सुमारास, मुळगावहून डिचोलीला येताना माझा सहकारी सायकलवरून पडला. तो कामावर येत होता. मी त्याच्या पुढे होतो.

आम्ही दोघे डिचोलीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात विक्रेते होतो. मी तिथे सहा वर्षे होतो. तो बेळगाव जिल्ह्यातला, चार महिन्यांपूर्वी लागलेला, मुळगावात आमच्याच वाडीत भाड्याच्या खोलीत बायकोसह राहत होता. लग्नसराई संपली की त्याला कायम करायचे की नाही ते ठरवू, असे शेठनी सांगितले होते. कायम होईन या भरवशावर त्याने बायकोला गावाहून आणले होते.

दुकान एकला बंद होई आणि तीनला उघडे. मधल्या वेळेत शेठ कुलूप लावून जेवायला आणि झोपायला जात. आत थांबायची कोणालाही मुभा नव्हती. त्यामुळे दिवसाला सायकलच्या चार फेऱ्या होत, त्यांपैकी दोन भर उन्हात. त्याच रस्त्याने खाणीचे ट्रक जात. तांबडी धूळ कोरड्या कपड्यावरून झटकली की जाते. घामावर बसली की तिचा चिखल होतो आणि पांढऱ्या शर्टावरचा तो डाग साबणाने निघत नाही. पांढरा शर्ट हा दुकानाचा नियम होता, कारण साडी आम्ही स्वतःच्या खांद्यावर टाकून गिऱ्हाइकांना दाखवत असू.

मार्चपर्यंत अडचण नव्हती. जुना शर्ट घालून यायचे, दुकानामागच्या विहिरीवर तोंड-हात धुवायचे, तुवाल्याने अंग पुसायचे आणि कॅरिअरला लावलेला इस्त्रीचा शर्ट चढवायचा. एप्रिलमध्ये विहीर आटली. तीन वाजता लग्नाची गिऱ्हाइके दारात उभी असत, त्यामुळे कपडे बदलायलाही वेळ उरला नाही. मग घरूनच पांढरा शर्ट घालून निघावे लागे.

एके दिवशी नवरीसाठी काढलेल्या शालूवर त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला. नवरीच्या आईने शालू बाजूला सारला. गिऱ्हाइके गेल्यावर शेठ म्हणाले, "तूं साडयो विकपाक बसला काय धुवपाक?" बाकीचे विक्रेते हसले. मीही हसलो. त्याला कोकणी येत नव्हती, पण साड्या विकायला बसलास की धुवायला, एवढे कळले.

त्या संध्याकाळी परत जाताना त्याने मला विचारले की माझा शर्ट कसा कोरडा राहतो. मी त्याला आत दोन बनियन घालायला सांगितले. पाण्याचेही सांगितले.

"सकाळपासून पाणी पिऊ नको. आत गेलंच नाही तर बाहेर काय येणार?"

हे मला जुन्या विक्रेत्यांनी सांगितले होते. गिऱ्हाईक समोर असताना गादीवरून उठता येत नसे, म्हणून दुकानात पाणी सगळेच कमी पीत. मी स्वतः जेवताना अर्धा तांब्या पीत असे. ते मी त्याला सांगितले नाही.

पुढचे आठ दिवस त्याचा शर्ट बरा राहिला. शेठ काही बोलले नाहीत, आणि न बोलणे ही त्यांची पसंती समजली जाई. त्याने बायकोला सांगितले की काम होईल असे दिसते.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही बरोबर निघालो. चढावर तो उतरून सायकल ढकलू लागला. डोके ठणकते म्हणाला. मी थांबलो.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "मी सावकाश येतो. जोर लावला की घाम येतोय."

मी घड्याळ पाहिले. तीनला वीस मिनिटे कमी होती. रस्त्याच्या कडेला एक घर होते, अंगणात घागर होती. मी पुढे गेलो.

तीनला दुकान उघडले. सव्वातीनला शेठनी त्याची चौकशी केली. वाटेत आहे, असे मी सांगितले. साडेतीनच्या सुमारास खाणीच्या ट्रकचा एक चालक दुकानात आला. तो रोज आम्हाला रस्त्यावर पाहत असे. त्याने सांगितले की तुमचा माणूस चढाच्या वर कडेला पडला होता, कानडीत काहीतरी बडबडत होता, अंग तव्यासारखे तापले होते. चालकाने आपला पाण्याचा डबा त्याच्या तोंडाला लावला. त्याने मान फिरवली. ट्रकमध्ये घालून चालकाने त्याला इस्पितळात पोचवले होते.

मी पोचलो तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. दिवेलागणीच्या आधी तो गेला. ऊन लागले, असे डॉक्टर म्हणाले, आणि शेवटचे पाणी कधी प्यायला ते विचारले. मला माहीत नव्हते. निरोप मिळून आलेल्या त्याच्या बायकोने सांगितले की आठ दिवस तो सकाळच्या चहानंतर संध्याकाळपर्यंत काही पीत नव्हता, जेवल्यावर चूळ भरून टाकत होता.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगितलंय म्हणाले."

मी हो म्हटले.

परिचारिकेने त्याचे कपडे माझ्याकडे दिले. दोन बनियन आणि शर्ट. शर्टाच्या पाठीला तांबडी धूळ होती. मी झटकली, ती गेली. डाग नव्हता. शर्ट कोरडा होता.